वीस रुपयांचं गिऱ्हाईक

बुधवारी दुपारी दोन ते चारच्या मध्ये आमच्या भांडारात येणार असाल तर हाताशी वेळ ठेवून या. दारात दप्तरांचा ढीग असतो, काट्याभोवती डोकीच डोकी असतात आणि पाव किलो रवा घ्यायला वीस मिनिटं लागली तरी कुणी तुमची माफी मागत नाही. बुधवार शाळांचा असतो.

भांडार म्हणजे सहकारी ग्राहक भांडार, मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरात होईल, आणि आमच्या मॅनेजरना नेमकी तीच हवी आहे. आतल्या माणसांची नावंही लिहीत नाही. शाळेची मुलं त्यांना मामा, ताई, दादा म्हणतात, तेच इथंही चालू दे. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून संचालक मंडळाला अर्ज भरला आणि बिनविरोध निवडून आले. कोल्हापुरात एखाद्या सहकारी संस्थेची निवडणूक बिनविरोध झाली तर समजावं, तिथं पैसा नाही.

भांडारात सहा माणसं काम करतात. त्यातली चौघं सरकारी कागदावर दिव्यांग आहेत. गल्ल्यावरच्या मामांना जन्मापासून दिसत नाही. बिल करणारी ताई चाकाच्या खुर्चीवर असते. पुड्या बांधणारा दादा ऐकत नाही, बोलत नाही. आणि मांडणी लावणारी धाकटी पंचवीस वर्षांची आहे, पण तिचं वाचन दुसरीच्या पुस्तकापुढं सरकलं नाही. उरलेले दोघे म्हणजे मॅनेजर आणि पोती उचलणारा हमाल. त्या दोघांचं सगळं धड आहे, आणि दुकानात सगळ्यांत जास्त कुरकुर त्या दोघांचीच असते.

हे काही कुणाच्या दयेतून उभं राहिलेलं नाही, एवढं आधीच सांगते. भांडार बंद पडायच्या बेतात होतं. आम्ही देऊ शकत होतो त्या पगारात माणूस टिकत नव्हता. ताई आमच्याच एका सभासदाची मुलगी. बी.कॉम. झालेली, टायपिंग येणारी, आणि मुलाखतीला गेलं की पहिल्या पायरीवरूनच परत फिरणारी. तिच्या वडिलांनी वार्षिक सभेत उठून विचारलं, की मी इथला चाळीस वर्षांचा सभासद आहे, माझी पोरगी इथं चालंल का? ‘चालंल’ हा शब्द त्यांच्या तोंडून गेल्यावर ते स्वतःच ओशाळले. ठराव झाला. बाकीचे तिघे ताईच्या मागून आले.

कोल्हापूरला चाकाची खुर्ची नवी नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था इथंच सुरू केली, आणि आमच्या पिढीनं ‘नसीमादीदी’ हे नाव लहानपणच्या ओळखीचं असावं तसं वापरलं. पण संस्थेतली खुर्ची वेगळी आणि गल्ल्याशेजारी बसून ‘सुट्टे द्या’ म्हणून खेकसणारी खुर्ची वेगळी. दुसरीची सवय व्हायला पेठेला वर्ष लागलं.

त्यातलं निम्मं वर्ष तर उतारावरून भांडण्यात गेलं. दुकानाला दोन पायऱ्या होत्या, मिळून चौदा इंच. उतार कसा करायचा याचं गणित सोपं आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. चौदा इंचाला चौदा फूट. समोर गटार, त्यापलीकडं रस्ता, तेव्हा उतार बाहेर काढता येईना. मग तो दुकानाच्या कडेनं वळवला आणि त्यात आमचा कट्टा गेला. पेठेत कट्टा जाणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तीन पिढ्या ज्या दगडावर बसून कुस्तीचे निकाल लावत होत्या तो दगडच उखडला. दोन महिने निम्म्या गल्लीनं आमच्याकडून तेल घेतलं नाही. आता त्या उतारावरून ताई दिवसातून दोनदा जाते, सकाळी आणि रात्री. दिवसभर तो वापरतात ते हमाल, गॅसवाला, गुडघे दुखणाऱ्या बायका आणि सायकलवरची पोरं. सायकलींचं पुढं येईलच.

शाळा आणायची कल्पना माझी. चुकीची सुरुवातही माझीच, तेव्हा ती मीच सांगायला हवी.

पहिली शाळा आली तेव्हा मी नवी साडी नेसले होते. साठ मुलं, तीन शिक्षिका, एक बॅनर. मुलांना दोन रांगांत उभं केलं. मी माइक घेतला (घरगुती गणपतीचा, मॅनेजरनी आणलेला) आणि बोलले. काय बोलले ते आता आठवलं तरी कान तापतात. ‘बघा मुलांनो, हे मामा डोळ्यांनी बघू शकत नाहीत, तरीसुद्धा...’ मग ‘ही ताई चालू शकत नाही, तरीसुद्धा...’ असे चार ‘तरीसुद्धा’ झाले. शेवटी मी म्हटलं, यांच्यासाठी जोरात टाळ्या. साठ मुलांच्या टाळ्या त्या एवढ्याशा दुकानात भिंतीवर आपटल्या. धाकटीनं कानांवर हात घेतले. दादाला काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडं बघून हात आपटतायत हे दिसत होतं. तो हातातली सुतळी तशीच धरून उभा राहिला. मग मुलांनी गुलाबाची फुलं दिली, फोटो झाले, शाळा गेली. एकाही मुलानं काही विकत घेतलं नव्हतं.

संध्याकाळी हिशेब मिटवताना ताई मान वर न करता म्हणाली, “बाई, पुढच्या बारीला तिकीट लावूया. मोठ्यांना दहा, लहान पोरांना पाच. गल्ल्यात तेवढीच भर पडंल.”

मी काहीतरी सारवासारव करायला लागले तर मामा म्हणाले, “फुलं मातूर ताजी होती हां.” बस. त्यावर कुणी काही बोललं नाही. फुलं चार दिवस बिलाच्या टेबलावर वाळत पडली होती. मी उचलली नाहीत, तिनंही नाही.

पुढच्या वार्षिक सभेत विषय पत्रिकेवर आला, शाळाभेटी चालू ठेवाव्यात की नाही. मॅनेजर बाजूनं होते. त्यांना वर्तमानपत्रात फोटो आला तर हवा होता. ताई विरोधात. बराच वेळ नुसताच कलकलाट. शेवटी उठले ते आमचे जुने सभासद, एके काळी तालमीत नाव असलेले. कान गेलेले आहेत, त्यामुळे आवाज अजून आखाड्यातला. ते म्हणाले, “गंगारामच्या हाटेलात म्हाराज चा पिऊन गेलं. टाळी वाजवून न्हाई गेलं.”

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढं सांगावं लागेल. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना स्वतःच्या पायावर धंदा काढायला मदतही केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल निघालं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः जाता-येता तिथं गाडी थांबवून चहा मागवायला लागले. बरोबरच्यांनाही पाजायला लागले. छत्रपती प्यायल्यावर बाकीच्यांना नाक मुरडायची सोय राहिली नाही. आम्ही ही गोष्ट शाळेत शंभर वेळा सांगतो. मीही सांगितली आहे, समतेचा धडा म्हणून, खाली दोन रेघा मारून. पण त्यात महाराज तिथं गिऱ्हाईक होऊन गेले, ही साधी बाब त्या पैलवानानं सभेत ओरडून सांगेपर्यंत माझ्या डोक्यात शिरली नव्हती. गंगारामांना कौतुकाची काही टंचाई पडली असती असं नाही. दुकानाला लागतं ते गिऱ्हाईक.

ठराव असा झाला: शाळा येईल, पण वीसपेक्षा जास्त मुलं एका वेळी नाहीत; टाळ्या नाहीत, माइक नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही; आणि प्रत्येक मूल काहीतरी विकत घेईल. मतदान हात वर करून. सहकारात शेअर एक असो की शंभर, मत माणशी एकच. दादाला ताईनं कागदावर लिहून ठराव दाखवला. त्यानं ‘विकत घेईल’ या शब्दांखाली बोट ठेवून मान हलवली आणि सगळ्यांबरोबर हात वर केला. ठराव एकवीस विरुद्ध चार मतांनी पास. चारांत ताई होती. तिचा अजूनही विश्वास नव्हता, आणि तिनं मत बदललं असं सांगून हा लेख गोड करायची मला परवानगी नाही. मी विचारलं होतं.

तेव्हापासून मुलांना वीस रुपये आणि यादी घेऊन यायला सांगतो. वीस रुपये कुणाच्याही घरून येतात. ज्याच्या येत नाहीत त्याचे वर्गाच्या डब्यातून, न सांगता. यादी मात्र घरची हवी, आईनं किंवा आजीनं सांगितलेली. शंभर ग्रॅम शेंगदाणे. पाव किलो साखर. दहा रुपयांची मोहरी. आजी हुशार असतात, वीस रुपयांत काय बसतं ते त्यांना बरोबर माहीत असतं. एकीनं एकदा लिहून पाठवलं होतं, ‘गूळ १०० ग्रॅम, पिवळाधमक नको’. तिला माहीत होतं, चांगला गूळ मळकट तपकिरी असतो आणि फार उजळ दिसणाऱ्यात रसायन मारलेलं असायची शक्यता जास्त. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी घरातला शेवटचा निकाल आजीचाच.

सुरुवातीला दहा मिनिटं मी बोलते. जुनी खोड, जात नाही. मुलांना विचारते, सहकार म्हणजे काय? उत्तर ठरलेलं: “निवडणूक!” चूक म्हणवत नाही. ज्या गावात सकाळचं दूध गोकुळचं, ऊस कारखान्याचा, कर्ज पतसंस्थेचं, आणि भवानी मंडपात जाता-येता तात्यासाहेब मोहित्यांनी १९३९ साली सुरू केलेल्या शेतकरी संघाची इमारत दिसते, त्या गावातल्या मुलाला सहकार म्हटल्यावर आधी भोंगे लावलेली जीप आठवत असेल तर दोष मुलाचा नाही. मग मी रॉचडेलची गोष्ट सांगते. इंग्लंडातलं कापडगिरण्यांचं गाव. पोटाला पुरत नव्हतं, आणि जे मिळायचं त्यात भेसळ. अठ्ठावीस जणांनी पै पै साठवून अठ्ठावीस पौंड जमवले आणि १८४४ सालच्या २१ डिसेंबरला टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं. माल किती, तर थोडं लोणी, साखर, गव्हाचं पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. “टोड म्हणजे बेडूक की ओ बाई!” हे दर खेपेला कुणीतरी म्हणतंच. बेडूक गल्लीतलं दुकान मुलांच्या लक्षात राहतं. माप पूर्ण, माल निर्भेळ, कुणीही सभासद व्हा, हे त्याच्या शेपटाला धरून राहतं.

माझी स्वतःची आठवण मी त्यांना सांगत नाही, कारण ती त्यांना लागू पडत नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारनं शहरोशहरी ग्राहक भांडारं उभारायची योजना काढली, त्या लाटेतली दुकानं आमच्या लहानपणी भरात होती. पामतेलाच्या रांगेत आई उभी, मी तिच्या पदराला, आणि आपला नंबर येईपर्यंत डबा संपेल का ही भीती. आजच्या मुलाला तेल संपण्याची भीतीच माहीत नाही. दहा मिनिटांत घरपोच आणणारं अॅप त्याच्या आईच्या फोनमध्ये आहे. त्याच्याशी आमची स्पर्धा आहे, आणि आम्ही ती रोज थोडी थोडी हरतो. गेल्या वर्षी बऱ्याच सभासदांनी आमच्याकडची महिन्याची यादी बंद केली. हेही लिहायला हवं.

खरी भेट सुरू होते ती पुड्यांच्या टेबलापाशी. तिथं दादा. माल सुटा, पिंपांत, मागायचा त्याच्याकडं, आणि त्याला ऐकू येत नाही. चिठ्ठी दाखवायची नाही असा नियम दादानंच केला आहे. दुकानातल्या खुणा चालतात. भारतीय सांकेतिक भाषेचा रीतसर शब्दकोश आहे, दिल्लीच्या केंद्रानं २०१८ साली पहिला काढला तो ३,००० शब्दांचा, आणि दादाला ती भाषा चांगली येते. पण या खुणा आमच्या दुकानच्याच. चिमूट जिभेवर टेकवली की साखर. तळहातावर तळहात चोळून फुंकर मारली की शेंगदाणे, भाजलेले. बशी फुंकली की चहा पावडर. मूठ मांडीवर आपटली की गूळ. एवढं मुलं दोन मिनिटांत शिकतात. मग अडतं डाळीपाशी.

एकदा पाचवीतल्या एका मुलीला हरभऱ्याची डाळ हवी होती. डाळीला खूण नव्हती. तिनं आधी मोठ्यानं म्हणून बघितलं. मग आणखी मोठ्यानं. मागची मुलं हसायला लागली. दादा शांत उभा, भुवया वर. तिनं विचार केला आणि दोन्ही हातांनी पोळी लाटायला लागली. दादानं कणकेच्या पिठाकडं बोट केलं. तिनं जोरात मान हलवली. मग ती खाली बसली, मांडीत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि गरागरा हात फिरवून वाटायला लागली, घाम पुसत, पदर खोचत, हुबेहूब होळीच्या दिवशीची कुणाची तरी आई. पुन्हा उठून लाटलं, तव्यावर टाकलं, वर तूप सोडलं. दादानं टेबलावर थाप मारली. हरभऱ्याची डाळ काढून तिच्यापुढं धरली, आणि तिची तूप सोडायची खूण त्यानं स्वतः करून बघितली. ती खूण आता दुकानची झाली आहे. तुरीच्या डाळीचं अजून कुणाला जमलेलं नाही.

वजन मुलंच करतात. काट्यावर ९८, १०४, ९९ असं चालतं, आणि शंभर आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकेक दाणा काढणं-टाकणं. दादा बघत राहतो आणि शंभर झाल्यावर वर चार दाणे टाकतो. प्रत्येक पुडीत टाकतो, मुलं असोत की मोठी माणसं. जुन्या तागडीच्या काळात पारडं झुकतं द्यायची रीत होती, ती त्यानं आकड्याच्या काट्यावरही चालू ठेवली आहे. मॅनेजरनी महिन्याला त्याचे किती रुपये होतात याचा हिशेब त्याला लिहून दाखवला. दादानं हिशेब वाचला, बरोबर आहे अशी मान हलवली, आणि टाकतोच. पुडी खाकी कागदाची. वर्तमानपत्रात खायची वस्तू बांधायला २०१८च्या नियमांनी बंदी आली, तेव्हा जुनी रद्दी संपली आणि आमच्या गिऱ्हाइकांचं फुकटचं वाचन गेलं. कागदाचा चौकोन, त्यात माल, दोन घड्या, शंकूचं तोंड आत, सुतळीचे तीन वेढे आणि झटक्यात तोडणं. मुलांच्या हातून पहिली पुडी नेहमी सुटते. शेंगदाणे सांडले की धाकटी येते.

धाकटीचं राज्य मांडणीवर. साबण, काड्यापेट्या, बिस्किटं, अगरबत्ती, सगळं तिच्या डोक्यात रंगानं आणि उंचीनं बसलेलं. एखाद्या मुलानं बिस्किटाचा पुडा उचलून दुसरीकडं ठेवला की पाठीमागून आवाज येतो, “जिथलं तिथं!” शिक्षिकेलाही सुटका नाही. एकदा एक मुख्याध्यापक उदबत्तीचा पुडा वास घेऊन चहाच्या खणात ठेवत होते. “जिथलं तिथं!” मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. त्या शाळेत ते दोन शब्द आता म्हणे परवलीचे झाले आहेत.

शेवटी बिल ताईकडं आणि पैसे मामांकडं. ताई मुलांशी फार बोलत नाही. यादीतल्या चुका मात्र सोडत नाही: “मोहरीला वेलांटी दुसरी. आईनं लिहिलंय का तू?” हे ती पन्नाशीच्या गिऱ्हाइकालाही म्हणते.

मामांच्या गल्ल्यापाशी मुलं रेंगाळतात. नोट कशी ओळखता? मामा दाखवतात. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेघा. पाचशेच्या नोटेवर गोल आणि पाच रेघा. नवी असली तर. “धा हातं फिरली की सगळी सपाट. मग लांबीनं बघायचं.” २०१६च्या नोटबंदीनंतर नोटांचे आकार बदलले तेव्हा मामांच्या बोटांना चार महिने चुकायला झालं होतं, त्या चार महिन्यांचा राग अजून गेलेला नाही. नाणी सोपी. वीसचं नाणं बाराकोनी, नखानं कळतं. फोनवरून पैसे दिले की बोलणारा डबा आकडा सांगतो. तो डबा काही मामांसाठी निघालेला नाही, जगातल्या सगळ्या गडबडीत असणाऱ्या दुकानदारांसाठी निघाला, पण आमच्या गल्लीत त्याचा सगळ्यांत मोठा फायदा मामांना झाला. मामा त्याला ‘आमचा बोलका’ म्हणतात.

मुलं काहीही विचारतात, आणि त्यावर मी आता त्यांना गप्प करत नाही. “मामा, स्वप्नात दिसतं काय?” मामा म्हणाले, “दिसत न्हाई. वास येतो. परवा रातभर गुऱ्हाळ चालू हुतं.”

तर सहावीतला एक मुलगा. नाकी नऊ आणणारा, मागच्या बाकाचा. शेंगदाण्यांचं बिल चौदा रुपये झालं. त्यानं खिशातून घडी घातलेली नोट काढून मामांच्या हातात दिली आणि मित्राला कोपर मारलं. ती खेळण्यातली, पाचशेची, ‘चिल्ड्रन बँक’ छापलेली. मला दिसत होतं. मी पुढं झाले, तर ताईनं माझा पदर धरून मला मागं ओढलं.

मामांनी नोट उलगडली. अंगठा एकदा फिरवला. पुन्हा एकदा. चेहऱ्यावर काही नाही. नोट गल्ल्यात ठेवली, ड्रॉवर लावला. मग रिकामी मूठ पुढं केली आणि म्हणाले, “पाचशेचे चौदा गेले. हे घे चारशे शहाऐंशी.” पोरानं नकळत हात पुढं केला. मामांनी त्याच्या तळहातावर मूठ उघडली, बोटं मिटवली आणि वर थोपटलं. “नीट मोजून घे हां. मागनं तक्रार चालायची न्हाई.”

दुकान हसलं. म्हणजे सगळं, ताईसकट. पोराचे कान लाल. त्यानं दुसऱ्या खिशातून खरे वीस काढले. मामांनी सहा परत दिले आणि खेळण्यातली नोट मात्र दिली नाही. ती अजून गल्ल्यात आहे, सुट्ट्या पैशांच्या खाली.

शाळेकडून नंतर एक छापील तक्ता आला. भेटीतून विद्यार्थ्यांमध्ये कोणती मूल्यं रुजली, एक ते पाच गुण द्या. संवेदनशीलता, सहानुभूती, कृतज्ञता. मी नोकरीत असताना असे तक्ते शेकड्यांनी भरले आहेत, तेव्हा नावं ठेवायचा मला हक्क नाही. तरी हातात पेन धरून बसले आणि काही सुचेना. ताईनं तो घेतला, मागच्या कोऱ्या बाजूला त्या दिवशीची विक्री लिहिली, तीनशे अठ्ठावन्न रुपये, आणि फायलीला लावून टाकला.

तीनेक आठवड्यांनी, रविवारची सकाळ. गर्दी होती. तो मुलगा आला, एकटाच, शाळेचे कपडे नाहीत, हातात कापडी पिशवी. काट्यापाशी जाऊन चिमूट जिभेला लावली, दोन बोटं वर केली, तळहात मधोमध कापला. अडीच किलो साखर. दादानं पुडी नाही, सरळ पिशवीत ओतली. बिल झालं. मामांनी मोड दिली. त्यानं उंबऱ्यापाशी थांबून मोजली आणि परत फिरला.

“मामा, दोन कमी हाईत.”

“मोजलेस?”

“दोनदा.”

मामांनी त्याच्या हातातली नाणी आपल्या हातात घेतली, एकेक नखानं चाचपली. एकचं नाणं दोनचं म्हणून धरलं गेलं होतं, दोनदा. “बरोबर,” म्हणाले, आणि दोनचं नाणं दिलं.

“आणि आजी म्हणत्या, मागचे शेंगदाणे खवट निघाले.”

“बदलून ने म्हणावं. पुडी घेऊन ये. पर शेंगदाण्यांसकट आण, नुसता कागद नको.”

तो हसलाही नाही. बाहेर कुणीतरी बॅट आपटत त्याच्या नावानं ओरडत होतं. त्यानं पिशवी हँडलला अडकवली, सायकलवर टांग टाकली आणि चौदा फुटांच्या उतारावरून पायडल न मारता सुसाट खाली गेला. आतून धाकटीचा आवाज आला, “उतरून! उतरून न्यायची सायकल!”